एक जूनची माणसं

मे सरत आला की पुण्यातली हवा थांबते. पान हलत नाही, मानेवर घामोळं येतं, संपलेल्या आंब्यांच्या पेटीतला पेंढा कोपऱ्यात कुजकट वास मारायला लागतो, आणि माझा फोन वाढदिवसांनी भरून जातो. एक जून. सोसायटीचे वॉचमन काका, बँकेतले निवृत्त साहेब, गॅसची टाकी आणणारा, भाच्याचे सासरे आणि त्या सासऱ्यांचे सख्खे मोठे भाऊसुद्धा, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. ग्रुपवर केकची चित्रं पडत राहतात. मग कुणीतरी दरवर्षीचा तोच विनोद टाकतं, की एक जूनला महाराष्ट्रातल्या प्रसूतिगृहांत पाय ठेवायला जागा नसणार. दरवर्षी तेवढेच लोक हसतात. मी हसत नाही. मला तो दिवस उजाडला की वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येतो आणि एका माणसाचा भयंकर राग येतो. राग हा शब्दही त्याला मोठाच झाला. तुच्छता म्हणा.

हल्ली या दिवसांत सर्वेक्षणाचे फोनही फार येतात. ‘मॅडम, दोन मिनिटं बोलू शकता का?’ दोन मिनिटं कधीच नसतात, हे मला माहीत आहे. मी स्वतः कधीकाळी हेच वाक्य लोकांना ऐकवून पोट भरलं आहे. बहुतेक वेळा मी ठेवून देते. मग संध्याकाळी चहा घेताना टीव्हीवर कुणीतरी गुळगुळीत माणूस सांगत असतो की पुणेकरांना अमुक वाटतं, तमुक वाटत नाही. कुठले पुणेकर, असं मी पडद्याला विचारते. घरातले आता याला सरावले आहेत.

तो उन्हाळा टेलिफोन नुकते घरोघरी रुळत होते तेव्हाचा. मोबाइल फक्त बिल्डर लोकांच्या कमरेला असायचा. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द कुठल्याही पाटीवर लावला की पोरं आत शिरायची. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता, आणि कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत बंगल्याच्या वरच्या मजल्यावर फोन करायची नोकरी मिळाली होती. लांबलचक टेबलावर ओळीनं फोन, प्रत्येक फोनपुढे एक मुलगी, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये आमचे साहेब. त्यांचं नाव मी घेत नाही, कारण ते अजून जोरात आहेत आणि ‘लोकांचा विश्वास का उडाला’ या विषयावर वर्तमानपत्रांत लिहितात. तेव्हा ते नुकतेच परदेशातून शिकून आले होते. मे महिन्यात टाय लावायचे. माणसांना ते ‘युनिट’ म्हणायचे, आणि युनिटनं फोन उचलला नाही की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा.

काम पाण्याचं होतं. शहराला नवी गावं जोडली गेली होती: धायरी, वारजे, कात्रजच्या कडेच्या वस्त्या. कुठल्याशा कार्यालयाला ठरवायचं होतं की नवी पाइपलाइन आधी कोणीकडे न्यायची. तर लोकांनाच विचारू, पाणी कितपत नडतं ते. विचार चांगला होता. फक्त विचारायचं ते टेलिफोनवरून. ज्याच्या घरी नळ नाही त्याच्या घरी फोन असेल, अशी यांची कल्पना. डायरेक्टरीतून ठरावीक अंतरानं नंबर उचलायचे, आणि ते नंबर म्हणजे शहर. मी पहिल्या दिवशीच विचारलं की धायरीची पानं इतकी कमी का. साहेब म्हणाले, तिथे युनिट्स कमी आहेत. माणसं कमी नव्हती. धायरीला जाणाऱ्या बसच्या टपावर सुद्धा जागा नसायची.

आमच्या पेठांतली युनिट्स मात्र भरपूर होती, आणि त्यांना मतंही भरपूर होती. माझेच लोक ते, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. पाण्याबद्दल विचारलं की आधी आपली उलटतपासणी. नाव काय, कुठल्या कुलकर्णी, हा नंबर तुम्हांला कुणी दिला, या वेळेला सभ्य माणसं झोपतात हे घरात शिकवलं नाही का. एका गृहस्थांनी माझ्या प्रश्नावलीतली वाक्यरचना सुधारून दिली. ती खरोखरच भयाण होती, इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेली, पण म्हणून काय. एका बाईंनी पाणी रोज सकाळी येतं, संध्याकाळी येतं, गच्चीवर टाकी आहे, खाली हौद आहे, एवढं सगळं सांगितलं आणि शेवटी पाणीपुरवठ्याबद्दल ‘अत्यंत असमाधानी’ लिहायला लावलं. का, तर दाब कमी असतो. असे फोन मी दिवसभर केले. संध्याकाळी कानाची पाळी लाल व्हायची.

आणि मग तो वाढदिवसाचा नियम. फोन उचलेल त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला असेल त्याला फोनवर बोलवायचं, आणि त्याची तारीख टिपून घ्यायची. म्हणजे निवड चिठ्ठी टाकल्यासारखी होते, फक्त फोनजवळ बसणाऱ्यांचीच मतं येत नाहीत. पुस्तकात हे सुरेख दिसतं. पेठेत मात्र पहिल्याच आठवड्यात याचे बारा वाजले, कारण समोरून विचारणा यायला लागली की वाढदिवस तारखेनं धरायचा का तिथीनं. तारखेनं धाकट्या दिरांचा आणि तिथीनं थोरल्या जाऊबाईंचा, असं व्हायला लागलं. दोन-तीन वजनदार मंडळींनी थेट साहेबांना फोन करून कानउघाडणी केली. साहेब वरमले. त्यांनी कागदावर तिथीसाठी एक वेगळा रकाना छापून घेतला, आणि एक पंचांग आणवून स्वतःच्या हातानं केबिनच्या भिंतीला खिळा ठोकून टांगलं. हे पंचांग लक्षात असू द्या.

जो बोलणार नाही त्याच्यासाठीही रकाने होते. घरी नाही. नकार. नंतर करा. भाषेची अडचण. हा शेवटचा रकाना मला फार आवडायचा. कॅम्पातल्या एका आजींनी मला हिंदीत विचारलं होतं, बेटी, पाणी येणार आहे का जाणार आहे तेवढं सांग. आमच्याकडे हिंदी प्रश्नावली नव्हती. मला हिंदी येत होती, त्यांनाही येत होती, अडचण फक्त साहेबांच्या कागदाला होती. पण लिहिताना ती आजींच्या नावावर लिहायची. शहरातले अर्धे लोक या रकान्यांत ढकलले की उरलेल्या अर्ध्यांना ‘शहर’ म्हणायला मोकळे.

माझ्या शेजारच्या फोनवर वैशाली बसायची. वर्धेकडची. भाऊ कारखान्यात लागला होता, त्याच्याबरोबर धायरीत एका खोलीत राहायची आणि बाहेरून बी.ए. करत होती. उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत. लाजाळू वगैरे अजिबात नाही. आल्या आल्या तिनं मला सांगून टाकलं होतं की तुम्ही पुण्याचे लोक पाणी पण नाही विचारत आल्यागेल्याले. मी म्हटलं, विचारतो की, ‘पिऊनच आला असाल ना’ असं. ती इतकी हसली की साहेब केबिनमधून बाहेर आले.

शहराबाहेरचे नंबर साहेबांनी तिच्याकडे दिले, कारण आमच्या फोनला तिकडून कुणी दाद देत नव्हतं. माझा स्वच्छ, पुस्तकी आवाज ऐकला की समोरच्याला वाटायचं बिलाची नोटीस आली. वैशाली कागद बाजूला ठेवायची. ‘जेवण झालं का जी?’ असं सुरू करायची. साहेबांच्या मते ही शिस्त नव्हती, पण तिकडची माणसं तिच्याशी बोलायची. तिकडे बरेच फोन घरचे नसायचेच. वाण्याच्या दुकानात एक फोन, तोच गल्लीचा. पत्रिकेवर, अर्जावर सगळे तोच नंबर लिहायचे. ती वाण्याला सांगायची, मी पुन्हा करते, तोवर कुणाला तरी बोलावून आणा. ती धरून बसायची, आणि रिसीव्हरमधून बादल्यांचा, भांडणाचा, टँकरच्या हॉर्नचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा. त्या एका टेबलावर खऱ्या पाण्याचा आवाज फक्त तिच्या फोनमधून येत होता.

जून उजाडला तेव्हा ती या गावांतच फोन करत होती. ‘घरात सगळ्यांत अलीकडं वाढदिवस कोणाचा झाला?’ असं विचारल्यावर धायरीचे एक आजोबा जे म्हणाले, ते तिनं रिसीव्हर माझ्या कानाला लावून ऐकवलं: ‘आवं, समद्यांचाच झाला की. एक जूनच हाय समद्यांचा. माझा, ल्योकाचा, सुनंचाबी.’ मग कुणाला घ्यायचं? ती म्हणायची, मग बायांपैकी एखादीला द्या, पाणी त्याच भरतात. आणि तारखेच्या रकान्यात लिहायची, एक जून. त्याखाली एक जून. त्याखालीही तेच.

हे गठ्ठे साहेबांच्या हातात पडले तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. बुद्धिमान माणसाला चोर सापडल्यावर होतो तसा. त्यांनी वैशालीला केबिनमध्ये बोलावलं, दार मुद्दाम उघडं ठेवलं, आणि आम्हांला सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की एवढी माणसं एकाच तारखेला जन्माला येण्याची शक्यता शून्याच्या जवळ असते, हे शाळकरी पोरालाही कळतं. त्यांचं म्हणणं होतं की हिनं फोन केलेच नाहीत, बसल्या जागी मनानं कागद भरले. वैशाली म्हणाली, ‘मी काहून भरू जी मनानं? विचारून पाहा त्याह्यले.’ साहेबांनी खुर्ची मागे घेतली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘तुमची स्वतःची जन्मतारीख काय?’

ती म्हणाली, ‘एक जून.’

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. कोडं सुटलं होतं. आळशी मुलगी, दुसरी तारीख सुचली नाही, स्वतःचीच सगळ्यांना लावत गेली. टेबलावरच्या दोघीतिघी हसल्या, आणि त्यांचा मला साहेबांइतकाच संताप आला. वैशालीनं तरी सांगून पाहिलं. म्हणाली, शाळेत लिहिली ती एक जून. खरी माही माय सांगते, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची आहे मी. साहेब म्हणाले, तान्हा पोळा ही तारीख नव्हे. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर पंचांग लटकत होतं.

पडताळणीचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण मी संख्याशास्त्राची आणि पेठेतली, म्हणजे विश्वासू. त्याच नंबरांवर पुन्हा फोन करून, अमक्या दिवशी तुम्हांला प्रश्न विचारले होते का, हे विचारायचं. मी विचारलं. वाणी म्हणाला, ‘हितं दिसभर माणसं येत्यात फोनला, कोन कोन ध्यानात ठिवू?’ ज्या बाईला विचारलं होतं ती टँकरच्या रांगेत. तिचा नवरा पाळीवर. एकीला नेमकं आठवलं, पण माझा आवाज ऐकून ती घाबरली आणि म्हणाली की मी काही बोलले नाही, माझं नाव कुठं घेऊ नका. मी साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की त्या आजोबांना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, एक जून ही तारीख खेड्यापाड्यांत सर्रास असते. साहेबांनी ‘पडताळणी होऊ शकली नाही’ एवढंच लिहून घेतलं. त्यासाठीही रकाना होता.

घरी ताटावर मी हे बाबांना सांगितलं. बाबा निवृत्त शिक्षक. पेठेतल्या शाळेत येण्याआधी बरीच वर्षं वेल्ह्याकडच्या खेड्यांत नोकरी केलेली. ते आधी खूप हसले, मग जेवायचे थांबले, मग म्हणाले की उद्या मी येतो. मी म्हटलं, कशाला. ते म्हणाले, आरोपी मी आहे, ती पोरगी कशाला भोगते?

दुसऱ्या दिवशी ते टोपी घालून आले. वैशाली आपल्या जागेवर बसली होती, तिच्यापुढचा फोन काढून घेतलेला. साहेबांनी ‘या काका’ म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी चहाला हात लावला नाही. ते म्हणाले, ‘अहो साहेब, ती तारीख पोरांची नाही, मास्तरांची आहे. जूनमध्ये शाळा उघडायची. आई पोराला घेऊन यायची. कधी झाला विचारलं तर म्हणायची, मोठ्या पुरात झाला. आता मोठा पूर मी कुठल्या तारखेला लिहू? पोराचं वय बसलं पाहिजे, म्हणून लिहायची एक जून. मी लिहिली, माझ्या आधीच्यानं लिहिली, तिच्या वर्ध्याच्या मास्तरनंही लिहिली. आम्ही काही ठरवून नव्हतो करत.’

साहेब मान डोलवत होते. शिकलेल्या माणसाची मान फार छान डोलते. मग बाबा वैशालीकडे वळले, तिचा खरा जन्म कधीचा ते विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर साहेबांना म्हणाले, ‘तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. तिथीच झाली की ही. तुमच्याकडे तिथीचा रकाना आहे म्हणे. पंचांगही दिसतंय. काढा पान.’

साहेबांनी पंचांगाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, तुमचं बरोबर असेल काका, फार इंटरेस्टिंग आहे हे, मी यावर कधीतरी लिहीन. पण कॉम्प्युटरनं ते कागद बाद केलेत आणि अहवाल परवा द्यायचा आहे. बाबा उठले. दारात टोपी सारखी करत एवढंच म्हणाले, ‘म्हणजे तुम्हांला पटलंय. बरं झालं. मला वाटलं समजत नसेल.’

वैशाली त्याच दुपारी गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. पुन्हा शिकाऊ म्हणून बसा, म्हटलं होतं. तिनं जिन्यात चपला घातल्या आणि मला म्हणाली, ‘मले वाईट याचं नाही वाटत की मले खोटी म्हटलं. त्या बाया माह्या भरवशावर बोलल्या.’ ती उन्हात बसस्टॉपकडे चालत गेली. मी वर आले आणि फोन उचलून पुन्हा ‘दोन मिनिटं बोलू शकता का’ म्हणायला लागले.

अहवाल देखणा झाला. गुळगुळीत कागद, रंगीत वर्तुळं. बाद झालेले कागद ‘प्रतिसाद नाही’मध्ये गेले आणि त्या गावांसाठी म्हणून सिंहगड रस्त्याकडेच्या, स्वतःची बोअर असलेल्या चार बंगल्यांची मतं गुणाकार करून फुगवली. त्या गुणाकाराला एक भारदस्त नाव आहे, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. निष्कर्षात वाक्य होतं: नव्या भागांतील नागरिक पाणीप्रश्नाबाबत उदासीन आहेत. उदासीन. रांगेत उभ्या बायका, वाण्याच्या दुकानापर्यंत पदर सावरत पळत आलेल्या, हातातली कळशी खाली ठेवून रिसीव्हर धरलेल्या, आणि त्या उदासीन. पेठेतल्या बाईंचा नळाचा दाब मात्र पहिल्या पानावर होता.

पुढे मी बँकेत लागले आणि आकडे दुसऱ्या कामाला लावले. साहेब वाढत गेले. आता त्यांची काचेची इमारत बाणेरला आहे. त्यांचे लेख मी नेमानं वाचते, जिभेनं दुखरा दात चाचपतो तशी. अलीकडे ते लिहितात की विविध समाजगट सर्वेक्षणाला प्रतिसाद देत नाहीत, लोक बंद होत चालले आहेत, लोकांशी नातं जोडायला हवं. आणि हो, एक जूनवर त्यांनी खरंच लेख लिहिला. गमतीदार होता. त्यात एका ‘वयोवृद्ध शिक्षकाचा’ उल्लेख होता, वैशालीचा नव्हता. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि त्यावर शेंगा सोलायला घेतल्या.

मी वैशालीला एक जूनला शुभेच्छा देत नाही. तो दिवस मास्तरांचा. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी फोन करते. तारीख दरवर्षी सरकते, मला कॅलेंडरमध्ये शोधावी लागते, आणि ते शोधणं मला बरं वाटतं. ती पुढे शाळेत शिक्षिका झाली. निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. अर्थात एक जूनच्या हिशोबानं. धायरीतच राहते, आता अकराव्या मजल्यावर. मुलगी हिंजवडीला नोकरी करते. खाली बाग आहे, तरणतलाव आहे, फाटकावर फोन करून वर सोडणारा रखवालदार आहे.

गेल्या भाद्रपदात केला तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. माझ्या खिडकीबाहेर आणि तिच्याही. फोनमध्ये तो ऐकू येत होता. मी म्हटलं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, खऱ्या. ती हसली, म्हणाली, तुह्याशिवाय कोणालेच माहीत नाही गं हा दिवस. बाबांची आठवण काढली. साहेबांची काढली, मग दोघींनी मिळून त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. मी म्हटलं, आता निवांत बोल, पोळीबिळी केलीस का. तेवढ्यात पलीकडून, त्या पावसातून, हॉर्नचा आवाज आला. तो मला लगेच ओळखू आला.

‘ठेवते गं,’ ती म्हणाली. ‘टँकर आला.’